पाणीसुद्धा नको

अकोटच्या संध्याला वरूडचा ललित असा काही आवडला होता, की पोहे परततानाही ती गालातल्या गालात हसत होती. कापसाला भाव नाही म्हणून दोनदा पुढे ढकललेला पाहण्याचा कार्यक्रम आज एकदाचा जमला होता. पण ललितच्या बाबांनी चहा नाकारला, सरबत नाकारलं, साध्या पाण्यालाही हात लावला नाही!

"पोरगी पसंत नसली का मानूस त्या घरचं पानी घेत नाई, माय," संध्याची आई केशरबाई कपबशा विसळता विसळता पुटपुटली. संध्याच्या काळजात धस्स झालं.

तिच्या बाबांची, देवरावांची, तर दुहेरी पंचाईत. अकोल्याच्या डॉक्टरांनी त्यांची शुगर, पोट आणि प्रोस्टेट असं तिन्ही वाढल्याचं सांगितलं होतं, आणि टेन्शन आलं की त्यांना सारखं पळावं लागे. आताही ते धोतर सावरत मागच्या अंगणात धावले, तर संडासाला आतून कडी! संध्या खिडकीतून बघतच राहिली.

"कोन हाय आत? निंगा ना लवकर! माह्यं प्रोस्टेट वाढेल हाय!"

"माह्यं बी वाढेल हाय!" आतून चक्क ललितच्या बाबांचा आवाज आला. "म्हनून तं एसटीत बसल्यापासून थेंबभर पानी नाई पेलो."

देवरावांनी पुन्हा दार वाजवलं, तसा आतून तोच आवाज आला.

"आता कुठं सुरू झालं, जरा दम धरा ना, व्याही!"