तिसोनसाठी मेणबत्ती

तिसोनला जन्म देतानाच घोडी गेली. माझी लेक तेव्हा अंगावर पीत होती. मांडीवर ती आणि हातात शिंगराची बाटली. "जुळी झाली गं तुला!" माझा नवरा विल्मार चिडवायचा.

तिसोन उमदा निघाला. विल्मार ज्यांची गुरं राखतो त्या मालकांनी त्याला पैदाशीसाठी सीमेपलीकडे ब्राझीलला विकायचं ठरवलं. कुणाचे कान लांब, कुणाचा पाय वाकडा, अशी खोट निघालेली शिंगरं मात्र खच्ची होऊन इथेच गुरं राखायला राहतात, हे मी बघत आले होते. म्हणून मारियामातेपुढे मेणबत्ती लावली. म्हटलं, "माझ्या पोरात एखादी खोट निघू दे."

आज जनावरांच्या डॉक्टरांनी त्याला चाचपलं. "एकच आंड उतरलंय. दुसरं पोटातच अडकलंय. पैदाशीला चालणार नाही."

मला हसू आवरेना. "मग आजच खच्ची करून टाका ना, डॉक्टर!"

विल्मार मला बाजूला घेऊन म्हणाला,



"आतलं राहिलं तर तो आवरायचा नाही, गुरं राखायच्या कामाचा नाही; ते काढायला राजधानीत, मोंतेविदेओला नेऊन पोट फाडावं लागतं गं, आणि तेवढा खर्च मालक करत नाहीत, त्यांनी कत्तलखान्याची गाडी बोलावलीय."