छापल्याप्रमाणे

“हे तुम्ही कधी स्वतःच्या हातानं केलेलंच नाही, सर.”

प्रयोगशाळेतल्या बाई हे भर समितीसमोर बोलल्या. निळ्या दिव्याखाली सरांच्या तिन्ही नळ्या काळ्याठिक्कर होत्या. त्या हिरव्या चमकायला हव्या होत्या.

जिवंत पेशी लागत नाही. गव्हाच्या दाण्यातला इवलासा अंकुर वेगळा काढा, त्याचा अर्क करा, अर्कात प्रथिनाचा साचा सोडा, चार तासांत नळीत हिरवं चमकणारं प्रथिन तयार. हा सरांचा गाजलेला शोधनिबंध. नाव एकट्या सरांचं. पद्धत बाईंची, अकरा वर्षं चिमटा धरून, मान मोडून बसवलेली.

नाव का गाळलं, असं बाईंनी विचारलं होतं. सर हसले होते. “धुणं-निवडणं म्हणजे विज्ञान नव्हे, बाई. उद्या आमची मोलकरीणही नाव मागेल.”

आज समितीला निबंध खरा वाटला, तर नवी प्रयोगशाळा सरांची. सकाळी त्यांनी फर्मावलं, “जसं छापलंय तसंच करायचं. स्वतःची अक्कल पाजळू नका.” बाईंनी नाही पाजळली. निबंध उघडा ठेवला, बोट ठेवून ओळ न् ओळ केली.

“हिनं डाव साधला,” सर आता म्हणाले. “मुद्दाम बिघडवलंय सगळं.”

“समितीचा नोंदी टिपणारा माणूस दिवसभर माझ्या खांद्याशी उभा होता,” बाई अध्यक्षांना म्हणाल्या. “त्यालाच विचारा.”

“जे छापलंय तेच केलं त्यांनी,” तो म्हणाला. “शिवाय एक चौथी नळी केली. तीही माझ्यासमोरच.”

बाईंनी चौथी नळी दिव्याखाली धरली. ती कोवळ्या पानासारखी हिरवी पेटली.

अध्यक्षा चष्मा सावरत पुढे झुकल्या. “गहू तोच?”

“तोच. फक्त या नळीतले अंकुर मी धुतले. दाण्याचं पांढरं पीठ अंकुराला चिकटून राहतं. ते अर्कात उतरलं की प्रथिन बनणंच थांबतं. निबंधात हे नाही. मोलकरणीचं काम ना ते.”

सरांनी निबंधाची पानं उलटून पाहिली. पुन्हा उलटली.

बाई त्यांच्याकडे वळल्या. आवाज चढला नव्हता.

“शोध तुमचा आहे, सर. तेव्हा समितीला तुम्हीच सांगा. धुताना कितवं पाणी नितळ येतं?”