बदामाखालची झोळी

यंदाच्या पानगळीत अंगणातला बदाम असा लालभडक झाला होता, की हेमांगीने कामं बाजूला ठेवली. सहा महिन्यांच्या रेवाला फांदीला बांधलेल्या साडीच्या झोळीत निजवून ती सासूबाईंबरोबर पायरीवर बसली, गळणारी पानं बघत. वारा अजिबात नव्हता, तरी झोळी संथपणे हलत होती.

"आई, झोका तुम्ही दिलात?"

"मी कशाला देऊ? गाढ झोपलीय ती."

हेमांगी हसली आणि चहा टाकायला आत गेली. सासूबाईही कपबश्या काढायला तिच्यामागून आल्या. तेवढ्यात बाहेर कडाड्कन आवाज झाला.

दोघी धावल्या. जाडजूड फांदी झोळीसकट खाली आदळली होती. हेमांगीने किंचाळतच फांदी ओढली, साडी उपसली. झोळी रिकामी होती.

"अगं, तिकडे बघ!"

पार कुंपणापाशी, लाल पानांच्या गादीवर रेवा उताणी पडून हसत होती. अंगावर साधा ओरखडा नव्हता. फाटकाला आतून कडी होती आणि पोरीला अजून धड पालथंही पडता येत नव्हतं.

हेमांगीने तिला छातीशी घट्ट धरलं.

"कोणी उचललं हिला, आई?"

सासूबाईंनी कुंपणाकडे बघून हात जोडले. "काही विचारू नकोस. आत चल आधी."

हेमांगी घराकडे वळली. रेवा मात्र तिच्या खांद्यावरून मागे, त्या रिकाम्या जागेकडे, दोन्ही हात पसरून झेपावत होती. घरच्या माणसाकडे झेपावावं तशी.