नापास वाईन

परीक्षक बाई चक्रावल्या. जुनी पांढरी वाईन पार सोनेरी झाली होती. जिभेवर आधी मध, मग अक्रोड, आणि मागाहून लिंबाची तरतरी. अशी वाईन त्यांनी उभ्या जन्मात चाखली नव्हती.

"कुणी केली?"

"माझ्या बाबांनी," मळ्याची मालकीण म्हणाली. "अठरा वर्षांपूर्वी तुम्हीच हिला आंबटढाण म्हणून नापास केलं होतं."

जीभ तेव्हा चुकली होती की आज चुकतेय? त्यांनी पुन्हा घोट घेतला. पुन्हा तेच.

"बाबांना बोलाव," त्या ओशाळून म्हणाल्या. "माफी मागायचीय."

"माफी कसली, बाई? त्यांनीच त्या दिवशी घरी येऊन सांगितलं, 'बाईंचं बरोबर आहे. मी असेपर्यंत काही ही मुरायची नाही.'"