चुलीजवळची काडी

भिकुबाईने पातेलं पंचांच्या पुढ्यात आदळलं. पितळी, जाड बुडाचं, आजेसासूच्या वेळचं पातेलं. श्रावणात कानबाई देवीच्या नैवेद्याची खीर त्यातच व्हायची. आता त्याच्या तळाशी तपकिरी, चिकट काहीतरी वाळून बसलं होतं आणि त्याचा वास घराच्या ओट्यावर बसलेल्या चारही म्हाताऱ्यांच्या नाकात शिरला होता.

"आबा, माले काडीमोड जोयजे," ती म्हणाली. "आजच. कानबाईनं पातेलं शे हाई. त्यामा यानी सरस शिजाडा!"

सरस म्हणजे जनावराच्या कातड्यापासून काढलेला डिंक. एका पंचाने घाईघाईने पाय मागे घेतले. सगळ्यांत वडील झुलाल आबा. त्यांनी तिच्या नवऱ्याकडे पाहिलं. अभिमन खांबाला टेकून उभा होता.

"पातेलं घासी देसू," तो म्हणाला.

हे बोलला नसता तर एकवेळ बरं होतं.

दोंडाईच्याला कन्हैयालाल शेठच्या लाकडाच्या वखारीत त्याने एकदा भुसा दाबून केलेली फळी पाहिली, आणि तेव्हापासून डोक्यात एकच किडा. भुशाची होते, तर पऱ्हाटीची का नाही? कापूस वेचून झाला की सारं गाव पऱ्हाटी उपटतं, चुलीत घालतं, उरली तर बांधावर पेटवून देतं. हा ती आणून कुटायचा, डिंकात कालवायचा आणि दोन पत्र्यांमध्ये दाबायचा. दाबायला ट्रकचा जॅक. जॅक टेकवायला घराचं आढं. फळी काही धड दबली नाही, छप्पर मात्र उचललं गेलं, आणि आषाढभर भिकुबाई गळक्या छपराखाली भाकरी थापत राहिली. पाणवठ्यावर बायका विचारायच्या, "काय करस व तुन्हा नवरा?" आणि पदराआड हसायच्या.

बरं, एवढं करून फळी तरी? चिंचोक्याच्या खळीत केलेली ओल लागताच फुगायची. रॉकेलच्या डब्यात शिजवलेला सरस बुडाला करपायचा, त्याची फळी कन्हैयालाल शेठ गुडघ्यावर घेऊन कटकन मोडायचे. "पापड छान लाटतो रे भाऊ," म्हणायचे आणि तुकडे हातात द्यायचे.

"कोनी कायबी करो," भिकुबाई कडाडली. "पन तीन वरीस व्हयनात, आबा. आढं गयं, सरपन गयं, आते पातेलं गयं. यानी माले एक सबद इचारा नही. मी बाई शे का घरनी खुटी?"

झुलाल आबांनी हात वर केला. त्यांच्या भावकीत रिवाज ठरलेला होता. ज्याला संसार मोडायचा त्याने पंचांसमोर काडी मोडायची, आणि ती काडी त्याच घरच्या चुलीजवळची हवी. शेजारचा लोटन काडी आणायला आत गेला आणि हात हलवत बाहेर आला.

"आबा, चूलजोडे काडी नही. बठ्ठ्या गोवऱ्याच शेतस."

"कोठून व्हई काडी?" भिकुबाई म्हणाली. "बठ्ठी पऱ्हाटी फळीमा गयी!"

"एक फळी शे तठे," लोटन म्हणाला. "वाळाले ठेयेल."

झुलाल आबा रिवाजाला पक्के, आणि थोडे चक्रमही. त्यांनी दाढी खाजवली. "मंग ती लई ये. ती बी काडीसनीच शे ना?"

आता मात्र अभिमनने खांब सोडला. "आबा, ती नको! ती एकच चांगली व्हयेल शे."

भिकुबाईने ते ऐकलं. बायको चालली तेव्हा हा खांबाला टेकून होता. फळी चालली तर पुढे धावला. तिने लोटनच्या हातातून फळी हिसकावली.

आधी शेठसारखी गुडघ्यावर घेतली. मोडली नाही. पायरीला तिरपी लावून वर उभी राहिली, नाचली. मोडली नाही. मग ती आतून मुसळ घेऊन आली आणि तीन वर्षांचा सगळा राग दोन्ही हातांत आणून हाणत सुटली. गळक्या छपरासाठी हाणलं. पाणवठ्यावरच्या हसण्यासाठी हाणलं. मुसळाची लोखंडी कडी निखळून ओट्याखाली गडगडत गेली. फळीवर दोन-चार खड्डे पडले, बस्स.

भिकुबाई धापा टाकत थांबली. कपाळावर आलेले केस मागे सारून तिने फळी उलटीसुलटी करून पाहिली.

"काय घालं हाईमा?"

"तोच सरस," अभिमन हळूच म्हणाला. "हाई पातेलाना. बूड जाड शे ना. करपना नही."

त्याने वाकून पातेलं उचललं, आणि नेहमीसारखा घेऊन निघणार तोच थबकला. पातेल्याकडे पाहिलं. बायकोकडे पाहिलं. पातेलं परत तिच्या पायाशी ठेवलं.

"भिकू," तो म्हणाला, "हाई पातेलं मी लेऊ का?"

भिकुबाईचे डोळे भरून आले आणि त्याचाही तिला राग आला.

"ले!" ती खेकसली. "पन कानबाईले पहिले नवं लई ये. आनि आढं नीट कर."

झुलाल आबा गोंधळले. "आनि काडीमोडनं काय, भिकुबाई?"

तिने मुसळ खांद्यावर टाकलं आणि त्यांच्यावरच डोळे वटारले.

"तुम्हना डोयासमोर शे ना, आबा? मोडनी का काडी?"