पाटावरची रिव्हॉल्वर

दसऱ्याच्या पूजेला पाटावर जे बसेल ते आधी रॉकेलच्या फडक्यानं पुसायचं, हा हिलालचा नेम. नवागामच्या त्याच्या एका खोलीत दर साली नट आवळायचे पाने, पक्कड, कापडाच्या लूमचा धोटा, सगळं त्याच्या हातून चकचकीत होऊनच झेंडूखाली जायचं. यंदा जावयानं, गजेंद्रनं, कमरेची रिव्हॉल्वर काढली, गोळ्या खिशात घातल्या आणि मोठ्या डौलात ती त्याच पाटावर ठेवली. कडोदऱ्याच्या एका जमिनीवाल्या शेठचा तो रखवालदार. हत्यार शेठचं, मिजास याची.

हिलालनं तिला फडकं लावलं. फडकं काळं झालं.

सारा जन्म लूम दुरुस्त करण्यात गेलेला माणूस. सवयीनं त्यानं गोळ्यांची चकरी बोटांत धरून हलवली. जुन्या बैलगाडीच्या चाकासारखी ती डुगडुगली. नळीला ती जिथं भिडते, तिथं वरच्या पट्टीत खाच पडली होती, आगीनं खाल्लेली.

“जवाईबापू, कितली वापरेल शे हाई?”

“नवी कोरी शे, मामा. लगीनपहिले शेठनी लिन्ही. एक गोळी चालाडी नही.”

गजेंद्र नेहमीसारखा मोठ्यानं बोलला. सासऱ्याचे कान लूमच्या खडखडाटात गेलेले. त्याची जाण ठेवून जावई घसा ताणतो, याचं हिलालला फार कौतुक होतं.

“वापऱ्याबिगर लोखंड झिजस का?”

“मामा, हाई तुमनं लूम नही शे,” गजेंद्र हसला.

हिलालही हसला, पण मनात पाल चुकचुकली. त्या शेठच्या जमिनी फार लवकर मोकळ्या होतात, असं गोडादऱ्यात लोक बोलत. अडून बसलेला म्हातारासुद्धा दुसऱ्या दिवशी मुकाट सही करतो, म्हणे. दोन वर्षांपूर्वी लेक देताना हे कानावर आलं होतं. तेव्हा नोकरी पक्की दिसली आणि बाकीचं कानाआड झालं. आज संध्याकाळी ती लेक, चंचल, गजेंद्रबरोबर सासरी परत जायची होती.

त्यानं कुंकू लावलं.

जेवणाची वेळ झाली. कोपऱ्यात पोळ्या लाटणाऱ्या चंचलचे ओठ हलले. हिलालला ऐकू आलं नाही, ते नेहमीचंच. त्याच्या बायकोनं, सुंदरानं, तिकडे मान वळवली. गजेंद्र होता तसाच बसून राहिला.

चंचल उठून पुढे आली.

“ऊठा. हात धुई ल्या. ताट वाढेल शे.”

एकेक शब्द तोडून, मोठ्यानं. हा आवाज हिलालच्या ओळखीचा होता. लहानपणापासून तिनं तो फक्त बापासाठी ठेवला होता. गल्लीला वाटायचं, पोरगी भांडकुदळ आहे. हिलाल तांब्याला हात घालून उठलाही.

चंचल त्याच्याकडे पाहत नव्हती. ती नवऱ्याच्या तोंडासमोर वाकली होती. आणि नवरा लूमवर एक दिवसही उभा राहिला नव्हता.

हिलालची नजर पाटावरच्या रिव्हॉल्वरकडे, तिच्या जळक्या खाचेकडे गेली. त्यानं तांब्या खाली ठेवला.

“चंचल आते आठेच राही. सासरी जाणार नही,” तो म्हणाला.

गजेंद्रनं कानामागे हात नेला.

“काय?”