नॉर्वेच्या आधीचा शंख

"बाबांना दोन जिने चढले की धाप लागते आणि तुम्ही नॉर्वेला निघालात?" फोनवर मुलगा माझ्यावर डाफरत होता.

दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यातली आमची ही सहल कोरोनाने रद्द केली. पुढच्या वर्षी त्याने यांनाच गाठलं आणि सोळा दिवस ऑक्सिजनवर ठेवलं. यंदा निर्बंध उठले. टूरवाल्या पाटणकरबाई आमच्या दोन जागा संध्याकाळपर्यंतच धरून ठेवणार होत्या, आणि लेकाचं एकच पालुपद, "पुढच्या वर्षी बघू."

फोन स्पीकरवर होता. हे चहा पीत सगळं ऐकत होते. कप ठेवून उठले ते थेट देवघराकडे गेले आणि शंख उचलला. चाळीस वर्षं आमच्या गणपतीची आरती यांच्या शंखानेच सुरू व्हायची. हॉस्पिटलमधून आल्यावर एकदा फुंकून पाहिला, तेव्हा नुसती हवा फुसफुसली. त्यानंतर यांनी त्याला हात लावला नव्हता. प्राणायाम मात्र एक दिवस चुकवला नव्हता.

आजही पहिल्यांदा हवाच आली. मी डोळे मिटले. मग शंख असा घुमला की गॅलरीतली कबुतरं उडाली आणि खालच्या वहिनी बाहेर येऊन ओरडल्या, "अहो, आज कसली आरती?"



"आई," मुलगा हळूच म्हणाला, "पाटणकरबाईंना मीच कळवतो. बाबांसाठी खिडकीजवळची सीट सांगू ना?"

"खिडकी माझ्यासाठी सांग," मी म्हटलं. "त्यांच्याकडे आता हवा भरपूर आहे."